सतत बदलणारा डेटा सीडीएनवरून पोचवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रिकेटचा स्कोअर, बाजार समितीतले कांद्याचे भाव, मतमोजणीच्या फेऱ्या, धरणांतला पाणीसाठा. ही माहिती दर काही सेकंदांनी किंवा मिनिटांनी बदलते, आणि बदलत असते नेमकी तेव्हाच ती बघायला झुंबड उडते. अशा सेवा बांधणाऱ्या मित्रांनी आणि सहकाऱ्यांनी मला गेल्या काही वर्षांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते इथे एकत्र केले आहेत. पुढे सीडीएन म्हटलं की मजकुराच्या प्रती साठवून (म्हणजे कॅशे करून) वाचकांना जवळून देणाऱ्या सर्व्हरांचं जाळं, ओरिजिन म्हटलं की तुमचा मूळ सर्व्हर, एज म्हटलं की वाचकाच्या जवळचा सीडीएनचा सर्व्हर, आणि टीटीएल म्हटलं की साठवलेली प्रत किती वेळ ताजी मानायची ती मुदत, असं धरा.

सीडीएन तर चित्रं आणि व्हिडिओंसाठी असतं. दर पाच सेकंदांनी बदलणारी गोष्ट तिथे ठेवून काय फायदा?

सगळ्यात जास्त फायदा तिथेच आहे. हिशेब मांडून बघू. एक लाख लोक स्कोअरचं पान उघडून बसलेत आणि प्रत्येकाचा फोन दर पाच सेकंदांनी स्कोअर मागतो. सेकंदाला वीस हजार मागण्या झाल्या. त्या थेट ओरिजिनवर आल्या तर आधी डेटाबेस मान टाकतो आणि मागोमाग बाकी सगळं.

आता तोच प्रतिसाद एजवर फक्त दोन सेकंद ठेवायचा. शंभर एज सर्व्हर ही गर्दी वाटून घेत असतील, तर प्रत्येक जण दोन सेकंदांत एकदाच ओरिजिनला विचारतो. सेकंदाला पन्नास मागण्या. एज आणि ओरिजिनच्या मध्ये शील्ड नावाचा आणखी एक थर ठेवला आणि सगळ्या एजनी त्यालाच विचारायचं ठरवलं, तर ओरिजिनपर्यंत दोन सेकंदांत एक मागणी येते. सेकंदाला वीस हजार मागण्यांवरून अर्ध्या मागणीवर. त्या बदल्यात वाचकाला मिळणारा स्कोअर पोचताना दोन-अडीच सेकंद जुना असू शकतो. या युक्तीला मायक्रोकॅशिंग म्हणतात. या पानावरची एकच गोष्ट आज करणार असाल तर ही करा.

जी गोष्ट अजिबात साठवता येत नाही तिलाही एजचा उपयोग होतो. मुंबईपासून अमेरिकेचा पूर्व किनारा साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास आहे. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे नुसतं जाऊन यायलाच सव्वाशे मिलिसेकंद लागतात. नवं कनेक्शन उघडायला एक फेरी, टीएलएसची, म्हणजे कनेक्शन सुरक्षित करण्याची, एक आणि मग खऱ्या मागणीची एक. एज मुंबईतच असेल तर पहिल्या दोन फेऱ्या गावातल्या गावात संपतात, आणि पुढचा लांबचा प्रवास आधीच उघडून ठेवलेल्या कनेक्शनवरून होतो.

मग टीटीएल किती ठेवायचा? पाच सेकंद? एक मिनिट?

या प्रश्नाचं उत्तर इंजिनिअरने एकट्याने देऊ नये. ही माहिती किती शिळी चालेल, हे ती वापरणाऱ्याला विचारायचं.

मी पूर्वी बाजारभाव दाखवणाऱ्या एका सेवेवर काम करायचो. एका सकाळी निफाडकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. ट्रॅक्टर लिलावाच्या रांगेत उभा, मागे हॉर्नचा आवाज. ते म्हणाले, "भाऊ, तुमच्या मोबाइलवर अठराशे दाखवतंय, इथं पंधराशेच्या वर बोली जाईना. पहाटे तुमचा भाव बघून मी माल भरला." आमच्याकडे भाव बदललेला होता. सीडीएनवरची जुनी प्रतही आम्ही काढून टाकली होती. पण सगळ्या फायलींना सरसकट सहा तासांची मुदत लावलेली होती आणि त्यांच्या फोनमधल्या ब्राउझरने पहाटे उघडलेली प्रत जपून ठेवली होती. भाव कोणत्या दिवसाचा, हेही पानावर धड लिहिलेलं नव्हतं. त्यांनी भरलेल्या ट्रॅक्टरचं डिझेल आमच्या एका ओळीमुळे गेलं. तेव्हापासून प्रत्येक आकड्याशेजारी त्याची वेळ छापल्याशिवाय मी पान सोडत नाही.

आता उलट उदाहरण. स्कोअर एका सेकंदाच्या आत पोचलाच पाहिजे म्हणून काही जण जिवाचं रान करतात. पण तोच सामना मोबाइलवर बघणारा प्रेक्षक आधीच मागे असतो. एचएलएस या व्हिडिओ तुकड्यातुकड्यांनी पाठवण्याच्या पद्धतीत तुकडे सहसा सहा सेकंदांचे असतात आणि प्लेयर साधारण तीन तुकडे मागे राहून सुरू होतो. अठरा सेकंद तिथेच गेले. त्याच अ‍ॅपमध्ये वर स्कोअर "बाद" म्हणतो आणि खाली गोलंदाज अजून धावत येतोय, असं झालं की प्रेक्षक चिडतो. तिथे पाच सेकंदांचा टीटीएल पुरून उरतो.

म्हणून एका पानाला एक टीटीएल, असं करू नका. भावाचा आकडा, आवकेचा आकडा, बाजार समितीचं नाव आणि पत्ता यांचं आयुष्य वेगवेगळं आहे. वेगळ्या आयुष्याच्या गोष्टी वेगळ्या यूआरएलवर ठेवा.

मॅक्स-एज आणि एस-मॅक्सएज यांत नेमका फरक काय?

दोन्ही कॅशे-कंट्रोल या हेडरमध्ये, म्हणजे प्रतिसादासोबत जाणाऱ्या सूचनेच्या ओळीत, येतात. मॅक्स-एज सगळ्यांसाठी असतो, ब्राउझरसाठीसुद्धा. एस-मॅक्सएज फक्त सामायिक कॅशेसाठी, म्हणजे सीडीएनसारख्या, अनेकांना एकत्र पुरवठा करणाऱ्या साठ्यासाठी. सीडीएनवरची प्रत तुम्हाला काढून टाकता येते. वाचकाच्या फोनमध्ये गेलेली प्रत परत बोलावता येत नाही. त्यामुळे बदलत्या डेटाला ब्राउझरसाठी शून्य किंवा एक-दोन सेकंद आणि सीडीएनसाठी त्याहून जास्त, अशी वाटणी बरी पडते. जून २०२२ मध्ये आरएफसी ९२१३ आला (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज). त्याने सीडीएन-कॅशे-कंट्रोल हे स्वतंत्र हेडर दिलं, त्यामुळे ही वाटणी आणखी स्वच्छ लिहिता येते.

यात एक बारीक खोच आहे. प्रत एजवर किती वेळ पडून होती, हे एज सर्व्हर "एज" याच नावाच्या हेडरमध्ये सांगतो. इथे एज म्हणजे वय. ब्राउझर ते वय स्वतःच्या मुदतीतून वजा करतो. मॅक्स-एज ६० आणि एस-मॅक्सएज ३०० ठेवलंत आणि प्रत एजवर दोनशे सेकंद बसलेली असली, तर ब्राउझरच्या हिशेबाने ती हातात पडताच शिळी असते. मग ब्राउझर एक मिनिटही साठवत नाही आणि तुम्ही कारण शोधत बसता. काही सीडीएन हे वय वाचकाला देताना पुसून टाकतात. तुमचं सीडीएन काय करतं, ते एकदा डोळ्यांनी बघून घ्या.

नो-कॅशे लिहिलं तरी प्रत साठवली जाते, हे खरं का?

खरं आहे. नो-कॅशेचा अर्थ "ठेव, पण दर वेळी विचारल्याशिवाय देऊ नकोस". ठेवूच नये असं वाटत असेल तर नो-स्टोअर. नावं फसवी आहेत खरी.

३०४ मिळाला की फुकटात काम झालं, असं समजायचं का?

निम्मं काम झालं. ईटॅग म्हणजे मजकुराची खूण. ब्राउझर किंवा एज ती खूण इफ-नन-मॅच या हेडरमध्ये परत पाठवतो: माझ्याकडे ही प्रत आहे, बदलली का? नसेल तर ओरिजिन ३०४ म्हणतो आणि मजकूर पाठवत नाही. दोनशे केबीच्या जागी काहीशे बाइट जातात. पण फेरी मात्र पूर्ण होते. खेड्यातल्या कमकुवत नेटवर्कवर ती फेरीच महाग असते.

शिवाय ३०४ मिळण्यासाठी खूण स्थिर राहावी लागते. आमच्या जेसनमध्ये, म्हणजे डेटा ज्या मजकुरी रूपात जातो त्या फाइलमध्ये, एक फील्ड होतं, "तयार झाल्याची वेळ". कुणीतरी चांगल्या हेतूने टाकलं होतं. ओरिजिन दर मागणीला जेसन नव्याने बनवायचा, वेळ बदलायची, वेळ बदलली की ईटॅग बदलायचा. रात्री दोन वाजता, बाजार बंद, एकही भाव हललेला नाही, आणि तरी प्रत्येक जण पूर्ण फाइल उतरवून घेत होता. महिनाभर आम्हाला पत्ता नव्हता. ते फील्ड काढून त्या जागी "माहिती शेवटची बदलल्याची वेळ" टाकली आणि त्याच रात्री ३०४ दिसायला लागले. जेसनमधल्या फील्डांचा क्रम दर वेळी वेगळा येत असेल तरी हेच होतं.

दोन-तीन ओरिजिन असतील तर सगळ्यांची खूण सारखी येते का, तेही तपासा. अपाचे या वेब सर्व्हरच्या जुन्या आवृत्त्यांत ईटॅग बनवताना फाइलचा आयनोड, म्हणजे डिस्कवरचा अंतर्गत क्रमांक, धरला जायचा. तो प्रत्येक मशीनवर वेगळा, त्यामुळे मजकूर एकच असूनही खुणा जुळायच्या नाहीत. २.४ पासून आयनोड त्यातून वगळला गेला.

टीटीएल संपतो त्या क्षणी सगळे एकदम ओरिजिनवर तुटून पडतात. काय करायचं?

याला स्टॅम्पीड म्हणतात. दोन सेकंदांची मुदत संपली, पुढच्या पन्नास मिलिसेकंदांत एजवर हजार जण आले, आणि एजने हजारच्या हजार मागण्या ओरिजिनकडे पाठवल्या. उपाय थरांनी करायचा.

पहिला थर म्हणजे मागण्या एकत्र करणं. एकाच यूआरएलसाठी एक मागणी पुढे गेली असेल तर बाकीच्यांनी तिच्या उत्तराची वाट बघायची. बहुतेक सीडीएन हे करतात. काहींमध्ये ते चालू करावं लागतं. मात्र उत्तर साठवण्याजोगं नसेल तर ही सोय गळफास होते. हजार जण थांबलेले, पहिल्याचं उत्तर आलं, ते इतरांना देता येत नाही, मग दुसऱ्याची मागणी पुढे, मग तिसऱ्याची. सगळी रांग एकेकाने सरकते. जिथे साठवायचंच नाही, त्या यूआरएलला या रांगेतून आधीच मोकळं करा.

दुसरा थर स्टेल-व्हाइल-रिव्हॅलिडेट. मे २०१० मधल्या आरएफसी ५८६१ मध्ये तो आला. अर्थ असा: मुदत संपली तरी अमुक सेकंद जुनी प्रत लगेच देऊन टाक आणि मागच्या दाराने नवी आणून ठेव. वाचकाला थांबावं लागत नाही, ओरिजिनवर एकच मागणी जाते. एस-मॅक्सएज २ आणि स्टेल-व्हाइल-रिव्हॅलिडेट ८ हे स्कोअरसाठी चांगलं जोडपं आहे. पण हा आकडा मोकळ्या हाताने लिहू नका. एक दिवस ठेवलात आणि त्या पानावर दिवसात दोनच जण आले, तर दुसऱ्याला जवळजवळ दिवसभर शिळी प्रत मिळू शकते. गर्दीच्या पानावर ही सोय अमृत, ओसाड पानावर धोका. आमच्याकडे लासलगावच्या पानावर सगळं छान चालायचं आणि लहान उपबाजारांची पानं मात्र कालची निघायची, ती याच कारणाने.

त्याच आरएफसीत स्टेल-इफ-एररही आहे: ओरिजिन पडला तर जुनी प्रत देत राहा. हा मोठा ठेवायला हरकत नाही, पण पानावर वेळ छापलेली असेल तरच.

आमचं सीडीएन क्षणात पर्ज करतं, म्हणजे साठवलेली प्रत काढून टाकतं. मग टीटीएल एक दिवस ठेवून बदल झाला की पर्ज करणं सोपं नाही का?

बदल कधी झाला हे तुम्हाला नक्की कळत असेल आणि बदल मिनिटाला दोन-चारच असतील, तर बदल झाला की पर्ज करणं ही उत्तम पद्धत आहे. बातम्यांची अनेक संकेतस्थळं याच पद्धतीवर चालतात. टॅग लावून पर्ज करण्याची सोय असेल तर वापराच: प्रत्येक प्रतिसादाला "कांदा", "लासलगाव", "नाशिक-जिल्हा" अशा खुणा चिकटवायच्या आणि कांद्याचा भाव बदलला की ज्या ज्या प्रतींवर ती खूण आहे त्या सगळ्या एका आज्ञेत काढायच्या. पन्नास यूआरएलची यादी हाताने सांभाळली की एक तरी सुटतेच.

याचं सगळ्यात मोठं आणि उघड्यावर दिसणारं उदाहरण विकिपीडिया आहे. लॉगिन न केलेल्या वाचकाला पान कॅशेमधून मिळतं. कुणी संपादन केलं की त्या पानाच्या प्रती सगळ्या डेटा सेंटरमधून काढायचा निरोप जातो. आशियातल्या वाचकांसाठी सिंगापूरला २०१८ पासून त्यांचं कॅशे केंद्र आहे. एखादा साचा बदलला तर तो वापरणारी हजारो पानं शिळी होतात, म्हणून ते काम रांगेत टाकून सावकाश केलं जातं. पूर्वी पर्जचे निरोप यूडीपी मल्टिकास्टवरून, म्हणजे एकच निरोप एकदम अनेक मशीनना पाठवून, जायचे. यूडीपीत निरोप पोचल्याची पावती नसते. हरवला तर त्या केंद्रात जुनं पान तसंच राहायचं. पुढे हे निरोप काफ्का या संदेशप्रणालीवरून जाऊ लागले, जिथे ते नोंदवलेले राहतात आणि पुन्हा वाचता येतात.

पर्जवर विसंबणाऱ्यांना एक शर्यत फार नडते. क्रम बघा. भाव मुख्य डेटाबेसमध्ये लिहिला. लगेच पर्ज केलं. एजवर प्रत नाही, म्हणून पहिल्या वाचकाची मागणी ओरिजिनवर आली. ओरिजिनने डेटाबेसच्या प्रतिकृतीतून वाचलं, आणि ती तीनशे मिलिसेकंद मागे होती. जुना भाव एजवर जाऊन बसला, आता एक दिवसाच्या मुदतीसह. तुमच्या लॉगमध्ये पर्ज यशस्वी आणि वाचकापुढे कालचा भाव. पर्ज जितकं वेगवान, तितकी ही शर्यत हरण्याची शक्यता जास्त. म्हणून दोन-तीन सेकंदांनी दुसऱ्यांदा पर्ज करा, किंवा पर्जनंतरचं पहिलं वाचन मुख्य डेटाबेसवरून करा. आणि पर्ज कितीही भरवशाचं असलं तरी टीटीएल एक दिवस ठेवू नका. पर्ज चुकलं तर चूक आपोआप किती वेळात पुसली जाईल, हे टीटीएलच ठरवतो. मी पाच मिनिटांच्या वर जात नाही.

फाइल पाच एमबीची आहे आणि दर मिनिटाला त्यातल्या चार ओळी बदलतात. दर वेळी पूर्ण फाइल पाठवायची?

नाही. या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

बदलत्या डेटाचे दोन भाग करा. एक, ज्याचं नाव कायम पण मजकूर बदलतो. दुसरा, ज्याचा मजकूर कधीच बदलत नाही कारण मजकूर बदलला की नावच बदलतं. पहिला भाग चिमूटभर ठेवा: एक लहानशी अनुक्रमणिका, "आत्ताची आवृत्ती अमुक, तिचे तुकडे हे हे". तिचा टीटीएल दोन-चार सेकंद. दुसरा भाग म्हणजे ते तुकडे. प्रत्येकाचं नाव त्याच्या मजकुराच्या हॅशवरून (मजकुरावरून काढलेल्या छोट्या ठशावरून) किंवा अनुक्रमांकावरून. त्यांना वर्षभराची मुदत द्या आणि २०१७ मध्ये आरएफसी ८२४६ ने आणलेला इम्युटेबल हा शब्द जोडा. तुकडा एकदा एजवर किंवा फोनवर गेला की परत विचारणं नाही, पर्ज नाही, शर्यत नाही. शिळेपणाचा सगळा प्रश्न त्या चिमूटभर अनुक्रमणिकेपुरता उरतो.

थेट प्रक्षेपण असंच चालतं. एचएलएसमधली प्लेलिस्ट दर काही सेकंदांनी बदलते, व्हिडिओचे तुकडे एकदा बनले की बदलत नाहीत. १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्याच्या वेळी हॉटस्टारवर एका क्षणी ५ कोटी ९० लाख प्रेक्षक होते. एवढ्या लोकांना पुरवठा होऊ शकतो, कारण सगळे जण त्याच त्या काही तुकड्यांची नावं घेत असतात.

रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेची पॅकेजेस उतरवणाऱ्या कार्गो या साधनाचं उदाहरण मला फार आवडतं. पॅकेजांची पूर्ण सूची पूर्वी गिटच्या रेपॉझिटरीत होती आणि नव्या मशीनवर ती अख्खी उतरवावी लागायची. मार्च २०२३ मध्ये, १.६८ या आवृत्तीत, विरळ सूची पक्की झाली: प्रत्येक पॅकेजची एक छोटी फाइल, साध्या एचटीटीपीवर, सीडीएनच्या मागे. लागेल तेवढ्याच फायली मागायच्या आणि ईटॅग दाखवून ३०४ घ्यायचा. जून २०२३ च्या १.७० पासून तीच न सांगता वापरली जाणारी (डीफॉल्ट) पद्धत झाली. नवा प्रोटोकॉल शोधला नाही; डेटा नीट कापला, एवढंच.

आणि कापताना काय बिघडतं हे डेबियन या लिनक्स प्रणालीकडून शिकावं. "हॅश सम मिसमॅच" हा संदेश उबुंटू किंवा डेबियन वापरणाऱ्या प्रत्येकाने कधीतरी बघितलाय. अनुक्रमणिका नवी आली, पण तिने सांगितलेली "पॅकेजेस" नावाची फाइल एका एजवर अजून जुनी होती. दोघांची नावं कायम, दोघांचे टीटीएल वेगळे, मग मेळ बसणार कसा? यावरचा उपाय बाय-हॅश: फाइल तिच्या हॅशच्या नावाने मागायची. जुनी अनुक्रमणिका जुन्या फाइलकडे बोट दाखवते, नवी नव्याकडे. दोन्ही बरोबर.

यातले तीन नियम पाळा. तुकडे आधी चढवा, अनुक्रमणिका शेवटी. जुने तुकडे लगेच पुसू नका, कुणाच्या तरी हातात जुनी अनुक्रमणिका असतेच. आणि ४०४ ला स्पष्ट टीटीएल द्या, एखाद-दुसरा सेकंद. क्रम उलटा झाला आणि वाचकाने तुकडा चढण्याआधीच मागितला, तर एज तो ४०४ सुद्धा साठवून ठेवू शकतो. मग तुकडा जागेवर असूनही त्या भागातल्या सगळ्यांना तो "नाही" असं सांगितलं जातं. हे शोधायला आम्हाला एक अख्खी दुपार लागली होती, कारण पुण्यातून सगळं ठीक दिसत होतं आणि तक्रारी नागपूरहून येत होत्या.

फक्त फरक पाठवण्याची सोय एचटीटीपीत नाही का?

होती. जानेवारी २००२ चा आरएफसी ३२२९ त्यासाठीच होता, पण तो रुळला नाही. प्रत्येक वाचकाकडे वेगळी जुनी आवृत्ती असते आणि प्रत्येक जोडीसाठी वेगळा फरक बनवून साठवायचा म्हटलं की कॅशेचा सगळा फायदा संपतो.

चालते ती पद्धत म्हणजे क्रमांक दिलेले फरक. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा दर मिनिटाला झालेले बदल एका क्रमांकाच्या फाइलमध्ये प्रसिद्ध करतो. शेजारी एक छोटी स्टेट फाइल असते, तिच्यात शेवटचा क्रमांक आणि वेळ. फरकाची फाइल कधी बदलत नाही, बदलते फक्त स्टेट फाइल. बराच काळ बंद असलेल्याला हजारो फायली मागाव्या लागू नयेत म्हणून तासाचे आणि दिवसाचे फरकही वेगळे ठेवलेत. अनुक्रमणिका आणि न बदलणारे तुकडे, हेच पुन्हा.

आता नवी सोय म्हणजे जुनी आवृत्ती शब्दकोश म्हणून वापरून नवी दाबायची. ब्रॉटली आणि झेडस्टँडर्ड या फाइल दाबण्याच्या पद्धतींसाठी ती २०२५ मध्ये आरएफसी ९८४२ म्हणून आली. मोठ्या जावास्क्रिप्ट फायलींना ती छान लागू पडते. दर पाच सेकंदांच्या स्कोअरला तिची गरज नाही.

पोलिंग (दर काही सेकंदांनी पुन्हा मागणं) सोडून वेबसॉकेट (दोन्हीकडून निरोप जाणारं सतत उघडं कनेक्शन) घ्यावं का?

चॅट, लिलावाची बोली, एकमेकांशी चालणारा खेळ यांसाठी घ्या. हजारो लोकांना तोच आकडा दाखवायचा असेल आणि दोन-पाच सेकंद चालत असतील, तर साठवलेलं पोलिंग स्वस्त आणि दणकट असतं. वेबसॉकेटमध्ये प्रत्येक वाचकाचं कनेक्शन जिवंत सांभाळावं लागतं, आणि सर्व्हर पुन्हा सुरू झाला की सगळे एकदम परत जोडायला येतात.

मधला मार्ग लाँग पोलिंगचा. "४५१२ नंतरचं दे" असा क्रमांक यूआरएलमध्येच घालायचा आणि पुढचा बदल होईपर्यंत उत्तर अडवून धरायचं. सगळे वाचक ४५१२ वरच असल्यामुळे यूआरएल एकच असतो आणि एज त्यांच्या मागण्या एकत्र करतो. कमी विलंबाच्या एचएलएसमध्ये प्लेलिस्ट अशीच अडवून दिली जाते.

हिट रेशो, म्हणजे कॅशेमधूनच भागलेल्या मागण्यांचं प्रमाण, वाईट येतो. टीटीएल तर बरोबर आहे.

यूआरएल बघा. कुणीतरी शेवटी चालू वेळ चिकटवतंय का? जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीत कॅशे बंद केलं की तेच होतं, आणि मग प्रत्येक मागणी जगात एकमेव असते. मग व्हेरी हेडर बघा, म्हणजे कशाकशानुसार वेगळी प्रत ठेवायची ते: तिथे युजर-एजंट (ब्राउझरची ओळख) लिहिलं असेल तर प्रत्येक फोनच्या प्रत्येक ब्राउझरसाठी वेगळी प्रत साठते. यूआरएलमधल्या प्रश्नचिन्हानंतरच्या भागाचा, म्हणजे क्वेरी स्ट्रिंगचा, क्रमही पक्का ठेवा. "पीक, बाजार" आणि "बाजार, पीक" एजला दोन वेगळ्या गोष्टी वाटतात.

एकाच वेळी लॉगिन केलेल्या वाचकाचं नाव आणि सगळ्यांना सारखा भाव दाखवायचा आहे. चालेल?

एका प्रतिसादात मुळीच नको. सामायिक भाग सीडीएनवरून आणि वैयक्तिक भाग वेगळ्या यूआरएलवरून, नो-स्टोअर लावून. २५ डिसेंबर २०१५ ला स्टीम या गेम विकणाऱ्या सेवेवर हल्ला चालू असताना बदललेल्या कॅशे मांडणीमुळे काही लोकांना दुसऱ्यांचीच खात्याची पानं दिसली. साधारण ३४ हजार वापरकर्त्यांची पानं अशी उघडी पडल्याचं स्टीम चालवणाऱ्या वाल्व्ह कंपनीनेच नंतर सांगितलं. शिळा भाव माफ होतो, दुसऱ्याचा पत्ता दिसणं माफ होत नाही.

स्कोअर कधी कधी मागे जातो. ४७ दिसतात, मग ४६, मग पुन्हा ४७. का?

कारण तुमच्या दोन मागण्या दोन वेगळ्या एज सर्व्हरवर गेल्या आणि एकाकडची प्रत थोडी जुनी होती. एजमध्ये हे पूर्ण थांबवता येत नाही, पण वाचकाच्या फोनवर सहज थांबतं. प्रत्येक प्रतिसादात वाढत जाणारा आवृत्ती क्रमांक ठेवा. हातात असलेल्या क्रमांकापेक्षा लहान आला तर तो प्रतिसाद टाकून द्या. घड्याळाची वेळ क्रमांक म्हणून वापरू नका, दोन सर्व्हरची घड्याळं जुळत नाहीत. पंचांनी निर्णय फिरवला आणि धावा खरंच कमी झाल्या, तरी आवृत्ती क्रमांक वाढलेलाच असतो. म्हणून तुलना नेहमी क्रमांकाची करा, धावांची नाही.

सगळं नीट चाललंय हे मोजायचं कशावरून?

हिट रेशो ९९ टक्के असूनही वाचकाला कालचा भाव दिसत असेल, तर त्या ९९ चा उपयोग काय? वाचकाच्या स्क्रीनवर आकडा उमटला तेव्हा तो किती सेकंद जुना होता, ते मोजा. जेसनमध्ये "शेवटची बदलल्याची वेळ" आहेच. थोड्या वाचकांच्या फोनवरून, बदल झाल्यापासून तो दिसेपर्यंतचा वेळ परत मागवा, आणि सरासरीपेक्षा सगळ्यात उशिरा मिळालेल्या पाच टक्क्यांकडे बघा. ते बहुतेक कमकुवत नेटवर्कवरचे, लहान गावांतले लोक असतात, आणि ती माहिती त्यांनाच जास्त लागते. अडचण शोधताना कर्ल या कमांडने हेडर बघा: वय किती, आणि आरएफसी ९२११ मधलं कॅशे-स्टेटस असेल तर कोणत्या थराने उत्तर दिलं. तपासणी दोन-तीन वेगळ्या शहरांतून करा.

आमची संस्था लहान आहे, मोठ्या सीडीएनचे पैसे नाहीत. काय करू?

एका साध्या मशीनवर एनजिनएक्स हा फुकट वेब सर्व्हर लावा आणि त्याचा प्रॉक्सी कॅशे चालू करा. मुदत एक सेकंद. प्रॉक्सी-कॅशे-लॉक चालू, म्हणजे एकाच यूआरएलच्या मागण्या एकत्र होतील. प्रॉक्सी-कॅशे-यूज-स्टेलमध्ये अपडेटिंग, एरर आणि टाइमआउट लिहा, म्हणजे नवी प्रत येईपर्यंत किंवा ओरिजिन पडला तरी जुनी मिळत राहील. पंधरा-वीस ओळींचं काम आहे. अनुक्रमणिका आणि तुकडे ही मांडणी आजच केलीत, तर उद्या पुढे सीडीएन आलं तरी कोड बदलावा लागणार नाही. फक्त डीएनएसमधली, म्हणजे तुमचं नाव कोणत्या सर्व्हरकडे जातं ती, एक नोंद बदलायची. त्या नोंदीचा टीटीएल मात्र आदल्या दिवशीच कमी करून ठेवा.